बुरशीचं अर्धं राहिलेलं जेवण

धिंगरी अळंबीच्या शेडमध्ये एक गोष्ट सतत घडत असते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सोयाबीनचं कुटार किंवा गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळायचं आणि थराथरात स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, पेरत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दाबून भरायचं. पिशव्या अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवल्या की पंधरा-वीस दिवसांत आतलं काड पांढरंशुभ्र होतं. मग पिशवी कापून काढतात, पण काड सांडत नाही. भरताना जे कुटार मुठीतून गळत होतं, ते आता पिशवीचाच आकार धरून दोरीला लटकत असतं. त्यावर धिंगरी फुटते, तोडली जाते, बाजारात जाते. सगळ्यांचं लक्ष धिंगरीवर. गठ्ठा शेवटी खतात जातो.

मला वाटतं, शेडमधली खरी नवलाची वस्तू तो गठ्ठा आहे. त्यात गोंद नाही, खिळा नाही, दोरा नाही. तरी काडाला काड इतकं घट्ट बांधलेलं असतं की गठ्ठा फोडायला जोर लावावा लागतो. हे बांधकाम ज्याने केलं त्याला आपण एरवी बुरशी म्हणून पुसून टाकतो.

जिला आपण अळंबी किंवा भूछत्र म्हणतो ती बुरशीचं फळ. तिचं खरं शरीर आत, काडात, लाकडात, मातीत पसरलेलं असतं. ते पांढऱ्या तंतूंचं जाळं म्हणजे कवकजाल. एकेक तंतू साधारण दोन ते दहा मायक्रोमीटर जाडीचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे कितीतरी तंतू शेजारी-शेजारी मावतील. हा तंतू मधून वाढत नाही, बुडाशी वाढत नाही. वाढतो फक्त टोकाशी. टोकाच्या लगेच मागे अतिसूक्ष्म पुटिकांचा एक पुंजका असतो. नवी भिंत बांधायचं साहित्य आणि पाचक विकरं भरलेल्या पुटिका मागून तिथे येत राहतात, टोकाच्या पडद्याशी एकजीव होतात, आणि आतल्या पाण्याचा दाब ते मऊ टोक पुढे रेटत राहतो. पुंजका ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला तंतू वळतो. ना डोळे, ना मेंदू, तरी गव्हाच्या काडीतली एखादी भेग या टोकाला बरोबर सापडते.

सापडल्यावर ते तिच्यात शिरतं. बुरशीला पोट नाही, म्हणून ती अन्नातच राहायला जाते आणि अन्न बाहेरच पचवते. टोकातून विकरं झिरपतात, काडीतलं सेल्युलोज तुटून साखर होते, ती साखर तंतू शोषून घेतो. सेल्युलोज तोडणारे जीव पुष्कळ आहेत. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीवही ते करतात. खरी अडचण लिग्निनची. झाडाला ताठपणा देणारा हा पदार्थ म्हणजे रेणूंचं वेडंवाकडं जंजाळ आहे. त्याच्या रचनेत एकच एक नमुना पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून ठरावीक जागी ठरावीक बंध तोडणारं विकर त्याच्यापुढे हतबल होतं. धिंगरी, गॅनोडर्मा, ट्रॅमेटिस यांसारख्या बुरशींनी यावर वेगळाच मार्ग काढला. त्या लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं वापरून अतिशय चपळ, आक्रमक रेणू तयार करतात, आणि ते रेणू लिग्निनला मिळेल तिथे तोडत सुटतात. लाकडातलं लिग्निन पार मोडून काढण्याचं हे कसब या गटातल्या बुरशींइतकं दुसऱ्या कोणत्याही जीवाला साधलेलं नाही. ते नसतं तर जंगलात पडलेली झाडं कुजायला किती काळ लागला असता याची कल्पनाच करवत नाही.

आता बांधणीकडे येऊ. एका काडीत शिरलेला तंतू पलीकडून बाहेर पडतो, मधली हवेची पोकळी ओलांडतो, शेजारच्या काडीत घुसतो. वाटेत दुसरा तंतू भेटला तर दोघांच्या भिंती विरघळून ते एक होतात, त्यांचं आतलं द्रव्यही एक होतं. असं लाखो ठिकाणी होतं. चिक्कीत गूळ शेंगदाण्याच्या भोवती बसतो, आत जात नाही. म्हणून शेंगदाणा सुटून निघतो. बुरशीचा बंध मात्र काडीच्या आतून सुरू होतो. काडी उपटायची तर तिच्यात रुजलेले तंतू तोडावे लागतात. हे तंतूही काही लेचेपेचे नसतात. त्यांच्या भिंतीत कायटिन असतं. खेकड्याचं कवच आणि भुंग्याचा कडक पंखही याच कायटिनचे.

पोकळी ओलांडणं मी एका वाक्यात उरकलं, पण त्यात एक विलक्षण अडचण आहे. ओल्या काडावर पाण्याचा पातळ थर असतो. इतक्या बारीक तंतूला पाण्याचा पृष्ठताण म्हणजे जवळपास भिंतच. ती भेदून हवेत डोकं वर काढायचं कसं? १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शिझोफायलम कम्यून या लाकडावरच्या बुरशीत याचं उत्तर शोधलं. तंतू पाण्यात हायड्रोफोबिन नावाची छोटी प्रथिनं सोडतो. ही प्रथिनं पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे जाऊन आपोआप पापुद्रा बनवतात आणि पृष्ठताण मूळच्या जवळपास एक तृतीयांशावर आणतात. तंतू वर निसटतो. हवेत आल्यावर तीच प्रथिनं त्याच्या अंगावर जलरोधक थर चढवतात, त्यामुळे तो पुन्हा ओला होऊन पाण्याला चिकटत नाही. काही वर्षांपूर्वी, २०१८मध्ये, युट्रेख्त विद्यापीठातल्या हान व्योस्टेन यांच्या गटाने याच बुरशीतल्या एका हायड्रोफोबिनचं जनुक काढून टाकलेला वाण वाढवून पाहिला. त्याचं कवकजाल जास्त दाट आणि जास्त ताठ झालं. तीच बुरशी, पण एका प्रथिनाच्या फरकाने वस्तूचा स्वभाव पालटला.

बुरशीची निवडही अशीच महत्त्वाची. धिंगरीच्या शरीरात एकाच प्रकारचे, पातळ भिंतीचे तंतू असतात. गॅनोडर्मा आणि ट्रॅमेटिस यांच्यात तीन प्रकार आढळतात: वाढणारे, जाड भिंतीचे ताठ, आणि फांद्या फोडून बाकीच्यांना आवळून धरणारे. झाडाच्या खोडावर उगवणारी गॅनोडर्माची लाकडासारखी कडक छत्री ज्यांनी हाताळली असेल त्यांना या रचनेची ताकद सांगायला नको. कवकजालापासून वस्तू बनवणाऱ्यांचा ओढा म्हणूनच या दोघींकडे जास्त असतो.

हे सगळं पाहून कुणाला तरी वस्तू बनवायचं सुचणारच होतं. एबेन बायर हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात शेतावर वाढलेला मुलगा. मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करायला तिथे लाकडाचे तुकडे जाळत. त्या तुकड्यांच्या ढिगात फावडं घालताना पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना जखडलेली ढेकळं वर येत. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये शिकताना, नवे शोध लावायला शिकवणाऱ्या एका वर्गात, त्याला ती ढेकळं आठवली. गॅविन मॅकिंटायर या वर्गमित्राबरोबर त्याने २००७ साली इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली. सुरुवातीचा विचार घराच्या भिंतीत घालायच्या उष्णतारोधक फळ्यांचा होता. मग लक्षात आलं की थर्माकोलची जागा घ्यायला हे द्रव्य त्याहून लवकर तयार आहे. २०११ साली डेल कंपनीने आपले सर्व्हर अशा बुरशीच्या खोक्यांत घालून पाठवायला सुरुवात केली.

कृती सांगायला सोपी आहे. मक्याची धाटं, अंबाडीसारख्या झाडांच्या गाभ्याचे तुकडे, भाताचा पेंढा, जे असेल त्याची कुट्टी करायची. वाफेने किंवा उष्णतेने आतले दुसरे जीव मारायचे. वजनाच्या साठ-पासष्ट टक्के पाणी राहील इतकं ओलसर ठेवून स्पॉन मिसळायचं आणि चार-पाच दिवस पिशवीत वाढू द्यायचं. मग तो पांढरा गठ्ठा मुद्दाम चुरायचा! तुटलेला प्रत्येक तंतू नव्या टोकांनी वाढू लागतो, म्हणून चुरा केल्यावर वाढ आणखी जोमाने होते. हा चुरा साच्यात भरायचा. आणखी काही दिवसांत साच्याचा कानाकोपरा भरून निघतो, बाहेरून मखमलीसारखी पांढरी साय धरते. साच्यातून काढून वस्तू वाळवायची, भट्टीत तापवायची. बुरशी मरते, वाढ थांबते.

सगळी कारागिरी या थांबवण्यात आहे. बुरशीला खोकं बनवायचं नाही, तिला जेवायचं आहे, आणि जेवण संपवून छत्री उगवायची आहे. आठवडाभरात तिने काडाचा थोडासाच भाग खाल्लेला असतो. काडीचे धागे अजून मजबूत असतात आणि भोवतीचं जाळं दाट झालेलं असतं. वस्तू सर्वांत चांगली असते ती या घडीला. तिला आणखी काही आठवडे दिले तर काड मऊ पडतं, वजन घटतं, गठ्ठा चेपतो. फार लवकर थांबवलं तर काड सुटं राहतं. धिंगरी पिकवणारा ज्या प्रवासाच्या शेवटाची वाट पाहतो, त्याच प्रवासाच्या मध्यावर इथे गाडी थांबवायची असते. हवा आणि उजेड यांचाही त्यात हात आहे. कार्बन डायऑक्साइड साचू दिला, उजेड दिला नाही, तर बुरशी छत्रीचा विचारच करत नाही आणि नुसते तंतू वाढवत राहते. काही कंपन्या तर साच्याच्या वर, मोकळ्या हवेत वाढणारी ही तंतूंची साय जाड होऊ देतात आणि तिच्यापासून चामड्यासारखे पत्रे बनवतात. कॅलिफोर्नियातल्या मायकोवर्क्सने बनवलेल्या अशा द्रव्याची पिशवी २०२१ साली एर्मेस या फ्रेंच कंपनीने दाखवली होती.

मोठ्या आकाराचं सर्वांत देखणं उदाहरण २०१४च्या उन्हाळ्यातलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मोमा पीएस-१ या कलासंग्रहालयाच्या अंगणात डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ या संस्थेने ‘हाय-फाय’ नावाचे एकमेकांत मिसळलेले तीन गोल मनोरे उभे केले. उंची सुमारे १२ मीटर. विटा सुमारे १०,०००, मक्याच्या धाटांवर वाढवलेल्या. अशी वीट भाजलेल्या मातीच्या विटेच्या शंभराव्या हिश्शाइतकाही भार पेलत नाही. पण तिचं स्वतःचं वजनही इतकं कमी की तो भार अंगावर येतच नाही. तिथल्या अभियंत्यांना भिंत खचण्याहून वाऱ्याची काळजी जास्त होती. गोलाकार, वळणं घेत जाणाऱ्या भिंती त्या काळजीतून आल्या. उन्हाळा संपल्यावर मनोरे उतरवून विटांचं खत केलं आणि ते शहरातल्या सार्वजनिक बागांना दिलं. उन्हाळाभर लोक ज्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले ती भिंत पुढच्या हंगामात वाफ्यात होती.

२०१७ साली सोलमध्ये डिर्क हेबेल आणि फिलिप ब्लॉक यांच्या गटांनी ‘मायकोट्री’ केलं. कवकजालाचे ठोकळे सांध्याशी बांबूच्या पट्ट्या लावून त्यांनी झाडाच्या फांद्यांसारखे रचले. द्रव्य ओढ सहन करत नाही, फक्त दाब थोडाफार सहन करतं. म्हणून त्यांनी आकारच असा काढला की कुठल्याही फांदीवर दाबच यावा. कमकुवत द्रव्याला भूमितीने बळ द्यायची ही रीत दगडी कमानींइतकी जुनी आहे, आणि ती बुरशीच्या कामी यावी याचा मला फार आनंद वाटतो.

थर्माकोलशी तुलना केली की या द्रव्याची थोरवी आणि अडचण दोन्ही समोर येतात. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवा असते, म्हणून ते हलकं आणि उष्णता अडवणारं. कवकजालाची फळी त्याहून जड पडते, पण उष्णता अडवण्यात जवळपास त्याच्या बरोबरीने उभी राहते. आग लागली तर ती वितळून ठिबकत नाही, वरून कोळशाचा थर धरते. आवाज शोषण्यातही ती चांगली, म्हणून इटलीतली मोगू ही कंपनी भिंतीवर लावायच्या फळ्या विकते. पाणी मात्र तिला सोसत नाही. वरची साय काही वेळ थेंब अडवते, पण कापलेल्या कडेतून आतलं काड भराभर पाणी पितं. पावसात उघड्यावर राहिली तर ती फुगते, कुजते. मातीत काही आठवड्यांत मिसळून जाण्याचा तिचा गुण याच पाणी पिण्यातून येतो, त्यामुळे एकाला ठेवून दुसऱ्याला घालवता येत नाही. हे द्रव्य घरातल्या कोरड्या जागेचं आणि थोड्या दिवसांच्या कामाचं आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं.

आणि थोड्या दिवसांच्या कामाच्या वस्तू आपल्याकडे कितीतरी आहेत. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखराचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी निघाला होता. दहा दिवसांचं मखर, टीव्हीबरोबर येणारे आणि खोकं उघडताच फेकले जाणारे पांढरे ठोकळे, औषधांच्या शीतपेट्या: या सगळ्यांचं काम संपतं आणि त्यांचे मणी नाल्यात, शेतात, समुद्रात उरतात.

कच्च्या मालाबद्दल थोडी सावधगिरी हवी. शेतातला कचरा म्हटलं की सगळं फुकट पडलेलं आहे असं वाटतं. कडबा म्हणजे कचरा नव्हे, तो जनावरांचा घास आहे. कुटारही बऱ्याच ठिकाणी गोठ्यातच जातं. उसाचं चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वीज देतं. पण उसाचं पाचट आणि कपाशीची पऱ्हाटी यांचा मोठा हिस्सा बांधावर नाहीतर शेतातच पेटवला जातो, आणि विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटीला तोटा नाही. मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पऱ्हाटीच्या भुग्यापासून फळ्या बनवण्याचं तंत्र पूर्वीच विकसित केलं आहे. त्या फळ्यांत भुगा धरून ठेवायला रासायनिक राळ लागते. राळेचं ते काम बुरशीकडे देता येईल का, हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. उत्तरेत धरक्षा इकोसोल्युशन्स ही कंपनी भाताच्या पेंढ्यावर कवकजाल वाढवून थर्माकोलच्या जागी लागणारे ठोकळे बनवते. हाच पेंढा पंजाब-हरियाणात दर हिवाळ्याच्या तोंडावर जळतो. मद्रास आयआयटीतही शेतातल्या आणि कागदाच्या टाकाऊ मालावर वेगवेगळ्या बुरशी वाढवून कोणती जोडी अधिक मजबूत होते याचा अभ्यास चालू आहे.

धंदा म्हणून हे सोपं नाही. थर्माकोलचा ठोकळा साच्यातून काही मिनिटांत निघतो, बुरशीचा ठोकळा आठवडाभर साचा अडवून बसतो. काड निर्जंतुक करायला उष्णता लागते, शेवटी इतकं पाणी वाळवायला त्याहून जास्त. एखाद्या पिशवीत हिरवी बुरशी शिरली की ती पिशवी गेली. हे दुखणं धिंगरीवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. कवकजालाच्या चामड्यासारख्या मायलोवर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा लावला होता, तरी बोल्ट थ्रेड्सने २०२३ साली त्याचं उत्पादन थांबवलं. जी कामं टिकली ती बहुतेक साधी आहेत. नेदरलँड्समध्ये बॉब हेंड्रिक्स यांची लूप ही कंपनी सात दिवसांत वाढणाऱ्या शवपेट्या बनवते. मातीत लवकर मिसळून जाणं हाच तिथे वस्तूचा हेतू आहे.

आणखी एक दालन अगदी अलीकडे उघडू लागलं आहे. आतापर्यंतची रीत अशी की वस्तू तयार झाली की भट्टीत घालून बुरशी मारायची. न मारता नुसती वाळवली तर? तेव्हा ती सुप्त राहते. असे दोन जिवंत ठोकळे ओलसर करून एकमेकांना टेकवून ठेवले तर दोन्हीकडचे तंतू सांध्यातून आरपार वाढतात आणि ठोकळे जुळून एक होतात. २०२३ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी गॅनोडर्माच्या पातळ, चामड्यासारख्या पत्र्यावर सौम्य प्रक्रिया केली. तिच्यात तंतू मेले, पण जाड भिंतीचे काही बीजाणू वाचले. त्यांनी पत्र्याला बारीक भोकं पाडली आणि तो पुन्हा वाढीला पोषक अशा जागी ठेवला. बीजाणूंतून नवे तंतू फुटले आणि भोकं भरून आली. फाटलेलं जाकीट स्वतःला शिवून घेईल असा हा प्रयोग. पण मग ते जाकीट कपाटात पावसाळ्याच्या दमटपणाने जागं होता कामा नये, आणि शिवण हवी तेव्हा मात्र जागं व्हायला हवं. किती ओलावा, किती ऊब, कोणतं खाद्य मिळाल्यावर बुरशीने उठायचं, हे वाण निवडून आणि प्रक्रिया बदलून ठरवता येतं का, यावर सध्या काम चालू आहे.